एस्तेरबाईंची वेणी

एस्तेरबाई उंबऱ्याशी पोचण्याआधी त्यांचा वास पोचायचा. वरचा वास कार्बोलिक साबणाचा, नाकात चढणारा. आणि त्याच्या खाली, जरा थांबून घेतला तर, खोबरेल तेलाचा. पहिला सगळ्या घराला यायचा, दुसरा फक्त मला. माघातली सकाळ, आंब्यांना मोहोर, खाडीवरून चढत येणारा गार वारा, अंगणात ओल्या सारवणाचा दरवळ. एवढ्या सगळ्या गर्दीतून मी तो तेलाचा वास नेमका वेगळा काढायचे. सात वर्षांत माझ्या डोक्याला तेलाचं बोट लागलं नव्हतं, मग मला नाही कळायचा तर कुणाला?

त्यांची वेणी कमरेच्या खाली पोचायची. बिनकाठाच्या पांढऱ्या पातळावर ती काळीभोर, तीन पेडांची, घट्ट वेणी; तिच्यात फूल नाही, चांदीचं काही नाही, टोकाला नुसता पांढऱ्या सुताचा दोरा. कामाला लागताना त्या मानेला किंचित झटका द्यायच्या, वेणी पाठीवर जायची, मग तिचं टोक कमरेला खोचून त्या हात धुवायला बसायच्या. कोपरापासून खाली, बोटाबोटांमधून, नखांच्या कडांतून, इतक्या निगुतीने की आमच्या वहिनीने देवाची भांडीही कधी तशी घासली नसतील. तो मानेचा झटका बघायला मी पडवीच्या खांबाआड उभी राहायचे आणि बघून झालं की दिवसभर जळायचे. उगाच सोज्वळ शब्द कशाला शोधू? हेवा वाटायचा मला त्यांचा. त्यांच्या केसांचा, त्यांच्या हातांचा, त्यांच्या जाण्यायेण्याचा, लोक त्यांना वाट करून द्यायचे त्या वाटेचासुद्धा.

एकोणीसशे तिसाच्या अलीकडची-पलीकडची ती वर्षं. दिवाळी उलटून दर्या निवळला की मिशनची माणसं मचव्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने गावं घेत यायची आणि माघात आमच्या पूर्णगडच्या धक्क्याला लागायची. माणसं तीन आणि पेट्या सात. पिकल्या दाढीचे गोरे डॉक्टरसाहेब, ज्यांचं मराठी पोथी वाचल्यासारखं एकसुरी आणि चोख होतं, एक अबोल कंपाउंडर, आणि एस्तेरबाई. शाळेची उत्तरेकडची पडवी ते मागून घ्यायचे, कारण तिथला उजेड दिवसभर एकसारखा असतो. शस्त्रक्रियेचं टेबल त्यांच्यापाशी नव्हतं. मचव्यातून ते कुठे वागवणार? म्हणून गावोगाव ते एक दार मागून घ्यायचे. चौकटीतून उतरवलेलं दार, दोन बाकांवर आडवं, कढत पाण्याने धुतलेलं, त्यावर पांढरी चादर. आमच्या गावात सगळ्यांत रुंद दार आमच्या गोठ्याचं, म्हणून दरवर्षी तेच जायचं. परत आलं की महिनाभर त्याला औषधाचा वास यायचा आणि आमची कपिला आत शिरायला तयार व्हायची नाही.

त्या दारावर माणूस निजला की शस्त्राला हात लावण्याआधी डॉक्टरसाहेब थांबायचे. एस्तेरबाई रोग्याच्या कपाळावर तळवा ठेवायच्या आणि दोघं डोळे मिटून त्यांच्या देवाची करुणा भाकायचे. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. भोवतीची माणसंही मग नकळत डोळे मिटायची. कोणी ग्रामदेवतेला हाक घालायचं, मोहल्ल्यातले म्हातारे दोन्ही तळहात उघडे धरायचे, आणि तेवढा वेळ पडवीत नुसती स्टोव्हची घरघर आणि माडांच्या झावळ्यांची सळसळ ऐकू यायची. मी मात्र डोळे मिटायचे नाही. मी तो तळवा बघत राहायचे. सावळा, पाण्याने सुरकुतलेला, जरा रुंदच म्हणायला हवा असा हात. पण त्याच्याखाली भल्याभल्या दर्यावर्दी माणसांचं कापणं थांबलेलं मी पाहिलंय. हा हात माझा का नाही, एवढंच माझ्या मनात यायचं.

माझा हात तेव्हा काय करत होता ते सांगायला हवं. माझी आई नऊ वर्षं आंधळी होती. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत हळूहळू उतरला; आधी सुईत दोरा ओवेना, मग माणसं ओळखेनात, शेवटी उजेड आणि काळोख एवढंच उरलं. त्यानंतर दोन वर्षांनी माझे यजमान वारले आणि मी सासरहून परत आले ती लाल आलवणात, केस उतरवलेली. आईने मला त्या रूपात पाहिलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढची शेवटची यमू लांब केसांची, तिनेच वेणी घातलेली, दिवाळसणाला आलेली. सगळं तिला ठाऊक होतं. आंधळी होती, बहिरी नव्हती. पण सात वर्षांत तिने माझ्या डोक्याकडे हात नेला नाही, आणि तो पोचेल अशा बेताने मी कधी तिच्याजवळ बसले नाही.

महिन्याच्या महिन्याला न्हावी मागल्या दारी यायचा. त्या दिवशी आई माजघरात बसून स्तोत्रं म्हणायची. एरवी पुटपुटायची ती त्या दिवशी घसा ताणून, वस्तऱ्याचा आवाज कानावर पडू नये म्हणून. मी अंगावर पाणी घेऊन आत आले की ती थांबायची आणि म्हणायची, “यमू, भात टाकलास काय गो?” आणि मी भात टाकायचे.

बाकी त्या घरात मी तिचे डोळे होते. तिला न्हाणीत नेणं, पानातली भाजी कुठे आणि चटणी कुठे ते सांगणं, अंगणात कोण आलं कोण गेलं, कपिलेला कितवा महिना, समोरच्या माडावरून नारळ उतरवले की नाहीत, सगळं माझ्या तोंडून. वहिनीला माझ्या कामाशी काम. दादा तर सकाळी बाहेर पडताना माझं तोंड दिसू नये म्हणून खाली बघत अंगण ओलांडायचा. वाईट नव्हता बापडा, रीतच तशी. आईला तेवढी माझी गरज होती. त्या एका गरजेवर मी त्या घरात ताठ मानेने उभी होते, आणि तिला दिसू लागलं तर मी कोण, हा विचार आला की मी उठून नवं काम काढायचे.

म्हणून पहिल्या वर्षी मिशनवाले आले आणि दादाने आईला डोळ्यांचं विचारलं तेव्हा मी हातातलं काम टाकून दाराशी कान लावला. आई म्हणाली, “नको. काय बघायचं राहिलंय आता?” दुसऱ्या वर्षी नको, तिसऱ्या वर्षी नको. शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या काठ्या टाकून एकट्या देवळात जाऊ लागल्या, आणि माझी आई आपली माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला कोण अभिमान! माझ्यासारखे डोळे असताना हिला दुसरे हवेत कशाला, असं मी धरून चालले होते. दरवर्षी तिने नको म्हटलं की मी देवळात जाऊन गुपचूप नारळ वाढवून यायचे.

मिशनच्या कामात मी शिरले ती वाळूपायी. मोतीबिंदू काढला की माणसाने आठ दिवस उताणं पडायचं, दोन्ही डोळे बांधलेले. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. डोकं कलंडू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूने भरलेल्या पिशव्या. वाळूला काय तोटा! पहिल्या वर्षी ज्याच्या त्याच्या घरच्यांनी आपापली आणली. मोहल्ल्यातले हसनचाचा, अख्खी हयात गलबतावर तांडेलकी केलेला माणूस, त्यांच्या घरच्यांनी पुळणीवरची ओली वाळू तशीच पिशवीत भरली. दुसऱ्या दिवशी शिवणीच्या फटीतून खेकड्याचं पिल्लू निघालं आणि चाचांच्या कानाला डसलं. चाचा ताडकन उठून बसले. हसू येतं ना? तो डोळा गेला. एस्तेरबाई त्यांच्या उशाशी बसून ढसाढसा रडल्या, तेव्हा चाचाच त्यांना म्हणाले, “रडू नको गो पोरी, अजून एक हाय.” आणि पुढच्या वर्षी खरंच दुसऱ्या डोळ्यासाठी सगळ्यांत आधी येऊन बसले.

तेव्हापासून वाळूचं काम कुणी एकाने नेमाने करावं असं ठरलं. सणासमारंभात जिला कुणी विचारत नाही तिच्याकडे असली कामं बरोबर येतात; माझ्याकडे आलं. वाळू सात पाण्यांनी धुवायची, तीही विहिरीच्या गोड्या पाण्याने, कारण मीठ राहिलं तर खाऱ्या हवेत ती पाझरते आणि पिशवी ओली होते. मग उन्हात वाळवायची, लोखंडी कढईत हात लावू नये इतकी भाजायची, चाळायची, निववायची, आणि जुन्या धोतराच्या दुहेरी पिशवीत भरून बारीक टाक्यांनी शिवायची. माझी पिशवी कानाशी ठेवली की नुसता गारवा लागायचा, टोचायचं काही नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, “ह्या पिशव्या उत्तम आहेत.” किती वर्षांनी माझ्या वाट्याला उत्तम हा शब्द आला, आणि तोही पिशव्यांना उद्देशून.

तिसऱ्या वर्षी एस्तेरबाई वाळू धुवायला माझ्या शेजारी विहिरीवर येऊन बसू लागल्या. त्या देशावरच्या. ‘काय गं’ म्हणायच्या, आमच्या ‘काय गो’मधला हेल काही त्यांना जमायचा नाही, आणि त्यांची नक्कल करून मी वहिनीला हसवायचे. तेवढाच सूड. काम करताना त्या बंद ओठांनी काहीतरी गुणगुणायच्या. सूर भजनाचा असावा, पण आमच्यातला नव्हे, सरळ चढणारा आणि तसाच पायरीपायरीने उतरणारा. उन्ह पोफळींतून गाळून त्यांच्या मनगटांवर पडायचं. त्या मनगटांत बांगडी नव्हती, म्हणून त्यांचं कुठलंच काम वाजायचं नाही. आणि एकदा, अशाच एका सकाळी, गुणगुणणं थांबवून त्या सहज म्हणाल्या, “माझंही तुमच्यासारखंच झालं होतं, यमूताई. चौदाव्या वर्षी. वस्तरासुद्धा फिरला होता. मग आत्याने मिशनच्या शाळेत नेऊन सोडलं.”

इतकंच. पुढे कथा नाही, उसासा नाही; टोपलीतली वाळू त्या खळबळून धूत राहिल्या. ऐकून माझं मन द्रवायला हवं होतं. मी अशी पेटले म्हणून सांगू! त्या मुळातच वेगळ्या कुणी असत्या तर देवाला बोल लावून मी गप्प बसले असते. पण त्यांना आणि मला एकच दान पडलं होतं, तशाच वस्तऱ्याखाली दोघींनी मान वाकवली होती, आणि आज त्यांची वेणी भिजू नये म्हणून त्यांनी ती मांडीवर गोळा करून घेतली होती. भिजू नये म्हणून! माझ्याजवळ भिजायला काय होतं? मी हातातली वाळू चौथ्या पाण्यालाच निथळून टाकली आणि उठून घरात गेले. राहिलेली तीन पाणी त्यांनीच केली.

चौथ्या वर्षी त्यांनी मला विचारलं, “आईंना भेटू का मी?” आई म्हणाल्या त्या, माझ्या आईला. मी म्हटलं, भेटा की. मनात म्हटलं, पोटच्या मुलाला दाद दिली नाही ती तुम्हाला काय देणार. वहिनीने पडवीत पाट मांडला. आपण उठून गेल्यावर ती जागा सारवून घेतात हे एस्तेरबाईंना चांगलं ठाऊक होतं, म्हणून पातळाचा घोळ आवरून त्या पाटाच्या अगदी मधोमध बसायच्या, सारवायला कमी पडावं अशा. आईला मी बाहेर आणून बसवलं. तर आई म्हणते काय, “यमू, तू जरा विहिरीवर जाऊन ये गो.” मला! मी कळशी घेऊन गेले आणि रिकामीच घेऊन परत आले. तोवर सगळं आटोपलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही गाल ओले. “दादाला सांग,” ती म्हणाली, “मी मोतीबिंदू काढून घेते.”

काय बोलणं झालं म्हणून विचारलं तर दोघींपैकी एकीनेही सांगितलं नाही. पुढले चार दिवस मी घरात भांडी आपटत होते. वहिनी म्हणाली, “वन्सं, आनंदाची गोष्ट आहे ना?” आहे तर! आनंदाची नाही कशी? पण जे मला, सख्ख्या मुलीला, कधी साधलं नाही, किंबहुना जे साधू नये म्हणून मी नारळ वाढवले, ते ह्या बाईने एका बैठकीत साधलं होतं.

आमच्याच गोठ्याच्या दारावर आई निजली. एस्तेरबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, कपाळावर तळवा ठेवला. आईच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडत गेल्या ते मी बघितलं, आणि कुणीतरी माझ्या देखत माझी वस्तू उचलून न्यावी तसं मला झालं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. दादाने आणि कंपाउंडरने त्याच दारावरून तिला अलगद घरी आणून पडवीतल्या खोलीत ठेवलं, आणि तिच्या दोन्ही कानांशी मी माझ्या पिशव्या लावल्या.

एस्तेरबाई सकाळ-संध्याकाळ यायच्या. त्या पायऱ्या चढू लागल्या की आई ओळखायची आणि पट्टीखालून जेवढं हसता येईल तेवढं हसायची. पाचव्या दिवशी ऐन दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. उन्ह अंगणात थबकलं होतं, मोहोरावर माश्या घोंगावत होत्या. आई म्हणाली, “एस्तेरबाई कधी यायची गो? तिचा हात कपाळावर असला की बरं वाटतं.” माझे हात त्या वेळी तिच्या पायांवर होते. सकाळपासून मी तिचे पाय चेपत होते.

मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. मी उठले, तिच्या उशाशी गेले आणि उजव्या कानाजवळची पिशवी वीतभर बाजूला ओढली. काय करते आहे ते मला पुरतं कळत होतं. मान कलंडली तर डोळा जाईल; डोळा गेला तर आई माझी राहील, माझ्या खांद्यावर हात ठेवून चालेल, एस्तेरबाई पुढच्या गावाला जातील, आणि माझं हे डोकं आईला कधीच दिसणार नाही. मी तिथेच उभी राहिले. आई हलली नाही. थोड्या वेळाने शांतपणे म्हणाली, “यमू, कानाशी गार लागत होतं ते लागत नाही. पिशवी सरकली वाटतं. ठेव गो जरा.”

मी ठेवली. इतक्या घाईने खेचली की शिवणीचा टाका उसवला आणि चिमूटभर वाळू उशीवर सांडली. संध्याकाळी एस्तेरबाईंनी ती वाळू पाहिली, तो टाका पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. आपल्या पेटीतली सुई काढून त्यांनी आईचं डोकं जराही न हलवता जागच्या जागी टाका घातला, आणि जाताना मला म्हणाल्या, “तीनच दिवस राहिले, यमूताई.” त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

पट्टी सोडायची त्या वेळी रोग्यासमोर ज्याने सेवा केली त्याने बसायचं, असा एस्तेरबाईंचा शिरस्ता होता. आठव्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, “तुम्ही बसा समोर.” मी म्हटलं, “भलतंच काय! नऊ वर्षांनी डोळा उघडायचा आणि पहिलं दर्शन माझं?” वहिनीने तर आधीच देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा ताम्हनात घेऊन ठेवली होती. एस्तेरबाईंनी हुज्जत घातली नाही. मी दाराआड जाऊन उभी राहिले. फटीतून सगळं दिसत होतं.

खिडकीला घोंगडी लावून खोलीत अंधुक केलं होतं. डॉक्टरसाहेबांनी पट्टीचे वेढे एकेक करून सोडले. शेवटचा कापूस काढायला एस्तेरबाई पुढे वाकल्या, आणि वाकताना कमरेला खोचलेली वेणी सुटून घसरली ती थेट आईच्या छातीवर. आईची पापणी थरथरत उघडली. चष्म्याशिवाय त्या डोळ्याला अजून नाकडोळे दिसणार नव्हते. दिसणार होतं ते नुसतं पांढरं आणि काळं. अन्नपूर्णेकडे तिने बघितलंच नाही. तिने ते काळं बघितलं, दोन्ही हातांनी धरलं, वरपासून खालपर्यंत पेडापेडाने चाचपलं, आणि नऊ वर्षांत मी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, “यमू! केस आले गो तुझे! बाय माझे, केस आले!”

वहिनीच्या हातात ताम्हन किणकिणत राहिलं. माझी आई दुसऱ्या बाईची वेणी उराशी धरून माझ्या नावाने हसत होती, आणि मी दाराआड. तोवर मी ज्याला हेवा म्हणत होते तो काहीच नव्हता, असं मला त्या घडीला कळलं.

एस्तेरबाईंनी वेणी सोडवून घेतली नाही. तशाच वाकलेल्या राहून म्हणाल्या, “आई, मी एस्तेर. ही माझी वेणी आहे. यमूताई दाराशी आहेत.” त्या खोटं बोलल्या असत्या तर मी त्यांना जन्मभर क्षमा केली नसती, खरं बोलल्या म्हणूनही त्या क्षणी करवत नव्हती. मग एक हात पाठीमागे करून, माझ्याकडे न बघता, त्यांनी बोटांनी मला बोलावलं.

मी गेले. कशी गेले ठाऊक नाही. वहिनी “वन्सं...” म्हणाली आणि थांबली. मी खाली बसले, पदर मागे सारला आणि आईचा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. तिचा तळवा कपाळावरून मानेपर्यंत गेला, परत पुढे आला. खुंटांवरून फिरताना त्याचा बारीक खरखर आवाज होत होता. ती आता रडणार, असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, “उन्हाचे चटके बसत असतील गो.”

मीच रडले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत बोलत राहिली. “हे मला बघायचं नव्हतं, म्हणून मी डोळे नको म्हणत होते. तीन वर्षं.”

“मग आता का गं हो म्हणालीस?” मी विचारलं. रडताना माझ्या तोंडून एस्तेरबाईंचं ‘गं’ कसं निघालं कोण जाणे.

“ही म्हणाली मला,” आईने त्या पांढऱ्या पातळाकडे हनुवटी वळवली. “म्हणाली, घरात यमूताईंकडे कुणी बघत नाही. तुम्हीही नाही बघायचं ठरवलंत, आई, तर त्यांना बघणार कोण?”

दादा उंबऱ्यात उभा होता. तो खाली बघू लागला, आणि मग मान वर करून त्याने माझ्याकडे बघितलं.

चष्मा शिमग्यानंतर टपालाने आला, बाटलीच्या बुडाइतका जाड. आईने तो लावला, मला अंगणात उजेडात बसवलं आणि बघत राहिली, इतका वेळ की मला लाज वाटू लागली. शेवटी म्हणाली, “म्हातारी झालीस गो.” दोघीही हसलो. पुढच्या खेपेला न्हावी मागल्या दारी आला तेव्हा पायरीवर चष्मा लावून आई बसली होती. “परत जा बाबा,” ती म्हणाली, “ह्या घरात ते काम आता नाही.” चार शहाणी माणसं येऊन तिला समजावून गेली, गावजेवणातली पानं बंद होतील म्हणाली. आई ऐकून घ्यायची आणि चष्मा पुसायची. पुढे कितीतरी महिने त्या ठरल्या दिवशी ती त्या पायरीवर जाऊन बसायची, स्तोत्र न म्हणता.

केस आले ते रखरखीत, मधेमधे पांढरे. आई रोज तेल चोळायची. माघापर्यंत ओढूनताणून तीन पेड पडतील एवढे झाले, आणि मचवा यायच्या आदल्या दिवशी तिने टोकाला पांढऱ्या सुताचा दोरा लावून माझी वेणी घातली. वेणी कसली, बोटाएवढी शेपटी, सुटायला टपलेली! पण मी ती घेऊन धक्क्यावर गेले, पदर खांद्यावर ठेवून. वाळूच्या पिशव्या तयार होत्या, सात पाण्यांच्या. मला एस्तेरबाईंना वेणी दाखवायची होती. खरं तर मिरवायची होती. ‘तुमच्याएवढी नाही, पण माझी आहे,’ हे वाक्य मी वर्षभर घोकलं होतं.

मचव्यातून डॉक्टरसाहेब उतरले, कंपाउंडर उतरला, सात पेट्या उतरल्या, आणि एक अनोळखी पोरगेलीशी नर्स उतरली. मी मचव्यात डोकावले. मग डॉक्टरसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. पावसाळ्यात घाटावरच्या कुठल्याशा गावी ताप आला, चार दिवसांत एस्तेरबाई गेल्या, असं त्यांनी पोथी वाचल्यासारखं सांगितलं. मधे मात्र दोनदा थांबले. मला आधी रागच आला. सगळ्या गावाला बघायला शिकवलंत आणि मी दाखवायला आले तर तुमचा पत्ता नाही! त्या नव्या पोरीला वाळूच्या पिशव्या दिल्या, कान कुठे, शिवण कुठे ते सांगितलं, आणि परत घरी येईस्तोवर वाटेत तीनदा बसले.

आई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. वाळू मी अजून सात पाण्यांनीच धुते. माझी वेणी खांद्याखाली उतरली तेव्हा निम्मी पांढरी होती, आता सगळीच आहे. ती घालताना मी पाठीमागे कुणी उभं आहे का म्हणून कधीकधी थांबते. कुणी नसतं. माघात वारा फिरला की नुसता तेलाचा वास येतो, एस्तेरबाई मानेला झटका देतात, वेणी पाठीवर जाते, आणि इतक्या वर्षांनीही ती तशीच काळीभोर असते. मेला, तेवढ्याचासुद्धा मला हेवा वाटतो.